मातीच्या बाहुल्यांपासून शहराच्या संग्रहालयापर्यंत : डॉ. भाऊ दाजी लाड

मुंबईत भायखळा स्थानकातून बाहेर पडून राणीच्या बागेकडे निघालेल्या गर्दीत लहान मुलांचा भरणा अधिक असतो. हत्ती, माकडे, पाणघोडे आणि अलीकडच्या काळात पेंग्विन पाहण्याची ओढ त्यांना तिथे घेऊन येते. बागेलगतच एक देखणी, जुनी, दुमजली इमारत उभी आहे. प्राणी पाहून झाल्यावर पालक मुलांना घेऊन तिच्या पायऱ्या चढतात आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत प्रवेश करतात. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू म्हणजे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय होय.

ज्यांचे नाव या वास्तूला आज लाभले आहे, त्या भाऊ दाजींची ओळख वैद्यकाचे निष्णात जाणकार, प्राच्यविद्येचे संशोधक, समाजसुधारक आणि राजकीय चळवळीचे एक आद्य प्रवर्तक अशी अनेक अंगांनी करून दिली जाते. परंतु एका उद्ध्वस्त झालेल्या सरकारी संग्रहातून शहराच्या मालकीचे संग्रहालय उभे राहावे, यासाठी त्यांनी केलेली धडपड काहीशी मागे पडली आहे. हे काम पूर्णत्वास जाईपर्यंत चौदा वर्षे लागली. त्या काळात मुंबईने अमाप संपत्ती पाहिली आणि ती डोळ्यांदेखत नाहीशी होतानाही पाहिली. त्या संपत्तीबरोबर भाऊ दाजींची स्वतःची मिळकतही गेली. संग्रहालय मात्र उभे राहिले.

मांद्रे ते मुंबई

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ मध्ये गोव्यातील पेडणे भागात मांद्रे या गावी झाला. भाऊ हे त्यांचे घरातले नाव आणि दाजी हे वडिलांचे. या दोन नावांच्या जोडीनेच पुढे ते सर्वत्र ओळखले गेले. घरची स्थिती बेताची होती. वडील मातीच्या बाहुल्या विकून संसार चालवीत. उपजीविकेच्या शोधात हे कुटुंब मुंबईला आले आणि लहानग्या भाऊंचे बालपण या मातीच्या खेळण्यांच्या सहवासात गेले.

मुलाची बुद्धी तल्लख होती. बुद्धिबळाच्या खेळात त्याने दाखविलेले कौशल्य एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आले आणि या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असा आग्रह त्याने वडिलांकडे धरला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्यातून भाऊंचा एल्फिन्स्टन संस्थेतील प्रवेश झाला. विद्यार्थिदशेतून बाहेर पडताच त्याच संस्थेत त्यांना अध्यापकाची जागा मिळाली. कच्छ आणि काठियावाडातील बालिकाहत्येच्या प्रथेवर लिहिलेल्या त्यांच्या निबंधाला पारितोषिक लाभले. पुस्तकी विद्येइतकीच समाजातील दुखणी समजून घेण्याची ओढ त्यांना प्रथमपासून होती, हे या विषयाच्या निवडीवरून दिसते.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. अध्यापकाची नोकरी सोडून भाऊ दाजींनी तेथे प्रवेश घेतला आणि १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही पुढे डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला. शस्त्रक्रिया आणि औषधोपचार या दोन्हींत भाऊ दाजींचे नाव झाले, पैसाही भरपूर मिळाला. शहरातील श्रीमंत घराण्यांप्रमाणेच चाळीतील आणि गल्लीतील रुग्णही त्यांच्याकडे येत.

कुष्ठरोगावरील उपचार हा त्यांच्या विशेष आस्थेचा विषय होता. संस्कृत वैद्यकग्रंथांत सांगितलेल्या वनस्पतींचे गुण आधुनिक पद्धतीने तपासून पाहावेत, असा त्यांचा प्रयत्न असे. कडू कवठाच्या बियांपासून काढलेल्या तेलाचा त्यांनी कुष्ठरोग्यांवर वापर केला आणि त्याचे परिणाम काळजीपूर्वक पाहिले. या उपचाराची कृती त्यांनी आपल्यापाशीच ठेवली, याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली.

शहराचा नागरिक

भाऊ दाजी ज्या मुंबईत वावरले, ती झपाट्याने बदलत होती. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या सदस्यांत भाऊ दाजींची नेमणूक झाली. त्यापूर्वी, १८५२ मध्ये, एतद्देशीयांची गाऱ्हाणी ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडण्यासाठी बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली होती. तिच्या कामाची चिटणीस म्हणून धुरा वाहणाऱ्यांत भाऊ दाजी होते. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेपूर्वी तेहतीस वर्षे ही घटना घडली, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे महत्त्व पटते.

स्त्रीशिक्षणाचा त्यांनी हिरीरीने पुरस्कार केला. विद्यार्थ्यांच्या साहित्यिक आणि शास्त्रीय सभेचे ते पहिले भारतीय अध्यक्ष होते आणि या सभेने चालविलेल्या मुलींच्या शाळांना त्यांचा आधार होता. त्यांच्या मित्रांनी आणि चाहत्यांनी निधी जमवून त्यांच्या नावे मुलींच्या शाळेची सोय केली. १८५३ मध्ये सांगलीचे विष्णुदास भावे आपली नाटक मंडळी घेऊन मुंबईत आले, तेव्हा त्यांना आश्रय देणाऱ्यांतही भाऊ दाजी होते.

१८६२ मधील महाराज बदनामी खटल्यात त्यांच्या धैर्याची कसोटी लागली. पत्रकार करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायाच्या काही धर्मगुरूंच्या आचरणावर प्रखर टीका केली होती. त्यावरून त्यांच्यावर बदनामीचा दावा दाखल झाला. या खटल्यात भाऊ दाजींनी करसनदासांच्या बाजूने डॉक्टर म्हणून न्यायालयात साक्ष दिली. प्रतिष्ठित आणि धनाढ्य अनुयायांचा रोष पत्करून दिलेली ही साक्ष निकालाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

बराकीतून रस्त्यावर

संग्रहालयाची कथा मात्र या खटल्याच्या काही वर्षे आधी सुरू होते आणि तिचा आरंभ शहराच्या इतिहासातून झालेला नाही. १८५१ मध्ये लंडनला जगातील मालाचे मोठे प्रदर्शन भरले. त्यापाठोपाठ १८५५ मध्ये पॅरिसला तसेच प्रदर्शन झाले. या प्रदर्शनांसाठी हिंदुस्थानातील कापूस, धान्य, लाकूड, धातूकाम, विणकाम आणि कारागिरीचे नमुने गोळा केले जात होते. अशा नमुन्यांचा एक संग्रह मुंबईतही असावा, असे सरकारने ठरविले. कोट भागातील लष्करी बराकींत त्याला जागा देण्यात आली. कोणता माल कोठे पिकतो, कोणती वस्तू कोठे तयार होते, हे व्यापाऱ्यांना कळावे, हाच या संग्रहाचा हेतू होता. शहरातील सामान्य माणसाचा त्याच्याशी फारसा संबंध येण्याचे कारण नव्हते.

१८५७ मध्ये उत्तरेत उठाव झाला आणि मुंबईतील लष्कराची हालचाल वाढली. सैनिकांच्या निवासासाठी बराकींची जागा तातडीने हवी होती. त्या घाईत संग्रहातील वस्तू बाहेर काढण्यात आल्या. अनेक वस्तू मोडल्या, हरवल्या, कायमच्या नष्ट झाल्या. जे काही वाचले, ते टाऊन हॉलमध्ये नेऊन ठेवण्यात आले. ज्या सरकारने हा संग्रह उभा केला होता, त्याच्याच हातून तो उधळला गेला.

उरलेल्या वस्तूंची देखभाल डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे आली. बर्डवुड हे ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्राध्यापक. हिंदुस्थानी कारागिरीविषयी त्यांना मनस्वी आस्था होती आणि या विषयावरील त्यांचा ग्रंथ पुढे प्रसिद्ध झाला. भाऊ दाजींची आणि त्यांची आवड सारखी होती. दोघेही डॉक्टर, दोघेही वनस्पतींचे अभ्यासक आणि जुन्या वस्तूंकडे पाहण्याची दोघांचीही दृष्टी अभ्यासकाची. मोडक्यातोडक्या संग्रहाची केवळ डागडुजी करण्यापेक्षा शहरासाठी नवे संग्रहालय उभारावे आणि त्याला जोडून एक सार्वजनिक बाग असावी, ही कल्पना पुढे आली.

वर्गणीतून वास्तू

१८५८ मध्ये कंपनी सरकारचा कारभार संपून हिंदुस्थानची सूत्रे ब्रिटिश राणीच्या हाती गेली. या प्रसंगाचे निमित्त साधून मुंबईतील नागरिकांनी संग्रहालयाचा आणि बागेचा प्रकल्प हाती घेतला. जगन्नाथ शंकरशेट हे त्याचे अग्रणी होते. भाऊ दाजी संग्रहालय समितीचे चिटणीस झाले. राणीचे आणि तिच्या पतीचे नाव या वास्तूला देण्यात आले. लंडनमधील सुप्रसिद्ध व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला ते नाव १८९९ मध्ये मिळाले. मुंबईच्या संग्रहालयाने ते त्यापूर्वीच धारण केले होते, ही गोष्ट आज अनेकांना ठाऊक नसते.

समितीचे मुख्य काम पैसा उभा करण्याचे होते. सरकारी अनुदानावर विसंबून न राहता नागरिकांकडून वर्गणी जमविण्याचा मार्ग तिने स्वीकारला. शंकरशेटांबरोबरच जीजीभाई घराणे आणि डेव्हिड ससून यांच्यासारखे दाते पुढे आले. हिंदू, पारशी, ज्यू अशा विविध समाजांतील लोकांनी एका कामासाठी पैसा द्यावा, हे त्या काळच्या मुंबईचे वैशिष्ट्य होते. दवाखान्याच्या निमित्ताने बहुतेक सर्व समाजांच्या घरांत वावर असलेले भाऊ दाजी या कामासाठी योग्य चिटणीस होते.

जागेच्या निवडीलाही महत्त्व होते. सरकारी कचेऱ्या, लष्कर आणि युरोपियन पेढ्या यांनी गजबजलेल्या कोटापासून दूर, भायखळ्याच्या बाजूला ही बाग आणि संग्रहालय उभे राहिले. पुढील काही दशकांत याच परिसराच्या आसपास कापडगिरण्या वाढल्या आणि कोकण, घाट, गुजरात, तेलंगण अशा ठिकठिकाणच्या कामगारांची वस्ती झाली. सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन पायी जाता येईल अशा अंतरावर या वस्तीला एक बाग आणि एक संग्रहालय मिळाले.

१८६२ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्याने तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैशाचा पूर लोटला. त्या भरात नव्या बँका, नव्या कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन मिळविण्याच्या नव्या योजना निघाल्या. संग्रहालयाच्या बांधकामाला याहून अनुकूल काळ मिळाला नसता.

पैशाचा पूर ओसरला

हा पूर जितक्या वेगाने आला, तितक्याच वेगाने ओसरला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्या भावांवर रचलेले शेअरबाजाराचे मनोरे ढासळले. जुलै १८६५ मध्ये वायद्याचे सौदे पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा अनेक नामांकित पेढ्या आणि घराणी एका फटक्यात बुडाली. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बाजाराचे राजेही यातून सुटले नाहीत.

भाऊ दाजींनीही आपली कमाई शेअरमध्ये गुंतविली होती. डॉक्टरकीतून वर्षानुवर्षे साठविलेला पैसा या पडझडीत गेला. दवाखाने, शाळा, हस्तलिखिते आणि ताम्रपट यांवर मुक्तहस्ते खर्च करणाऱ्या माणसावर आर्थिक विवंचनेची वेळ आली. त्याच जुलै महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, जगन्नाथ शंकरशेट यांचे निधन झाले. डेव्हिड ससून आदल्याच वर्षी दिवंगत झाले होते. ज्यांच्या भरवशावर प्रकल्प उभा होता, ते आधारस्तंभ एकामागून एक निखळत होते. १८६८ मध्ये बर्डवुड यांनीही हिंदुस्थान सोडला.

वर्गणीचा ओघ आटला आणि बांधकाम रेंगाळले. नागरिकांच्या पैशावर सुरू झालेले काम पूर्ण करण्यासाठी अखेर सरकारची मदत आवश्यक ठरली. सरकारकडून एक लाख रुपयांचे साहाय्य मिळाले. इमारतीचा एकंदर खर्च सुमारे चार लाख तीस हजार रुपयांवर गेला, म्हणजे त्याचा मोठा भाग लोकवर्गणीचाच होता. २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब, नक्षीदार कठडे, दोन्ही मजल्यांना जोडणारे उंच दालन आणि रंगीत फरशी यांमुळे आतील भाग एखाद्या राजवाड्यासारखा वाटत असे. डेव्हिड ससून यांनी दिलेला राजपुत्र अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा मध्यभागी होता. बागेच्या प्रवेशाजवळचा घड्याळाचा मनोराही ससून यांच्याच देणगीतून झालेला. मातीच्या बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाने चौदा वर्षे ज्यासाठी खपावे, अशी ही वास्तू होती.

शिलालेखांचा शोध

या साऱ्या काळात भाऊ दाजींचे दुसरे एक काम सुरूच होते. प्राचीन भारताचा इतिहास ग्रंथांपेक्षा शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांतून अधिक खात्रीने हाती येतो, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी त्यांनी स्वतः प्रवास केले आणि इतरांनाही पाठविले. जुनागडहून आलेले पंडित भगवानलाल इंद्रजी हे तरुण संशोधक त्यांच्या आश्रयाला होते. भाऊ दाजींच्या सांगण्यावरून भगवानलालांनी देशाच्या दूरदूरच्या भागांत जाऊन लेखांचे ठसे घेतले. पुढे ते स्वतः थोर पुराभिलेखविद म्हणून मान्यता पावले.

अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचे भाऊ दाजींनी केलेले वाचन, गिरनारच्या खडकावरील लेखांविषयीचा अभ्यास आणि कालिदास तसेच अन्य संस्कृत ग्रंथकारांच्या कालनिर्णयाविषयीचे लेखन हे एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. त्यांचे काही निष्कर्ष पुढील संशोधनात टिकले नाहीत. मात्र अनेक लेखांची पहिली विश्वसनीय वाचने त्यांच्यामुळे अभ्यासकांच्या हाती आली. या सोसायटीचे उपाध्यक्षपदही त्यांना लाभले. युरोप आणि अमेरिकेतील विद्वत्संस्थांनी त्यांना सदस्यत्व देऊन गौरविले.

संग्रहालयाविषयीची त्यांची आस्था आणि हे संशोधन यांचा संबंध जवळचा होता. त्या काळात जुने शिल्प, नाणे किंवा हस्तलिखित सापडले की ते एक तर परदेशी रवाना होत असे किंवा दुर्लक्षामुळे नष्ट होत असे. घारापुरीच्या बेटावरील दगडी हत्तीचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले गेले आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आज तो संग्रहालयाच्या आवारात आहे. शहरातच एखादी सांभाळणारी जागा असली म्हणजे भंगलेली वस्तूसुद्धा वाचू शकते, हे त्याच्याकडे पाहून उमजते.

अखेरची वर्षे आणि नंतर

१८६९ मध्ये भाऊ दाजींची मुंबईच्या शेरीफपदी नियुक्ती झाली आणि १८७१ मध्ये हा मान त्यांना दुसऱ्यांदा मिळाला. गेलेला पैसा मात्र परत आला नाही आणि प्रकृतीही ढासळत गेली. संग्रहालयाची दारे उघडल्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, मे १८७४ मध्ये, त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती.

त्यांनी जमविलेली हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात विसावली आणि अभ्यासकांना उपलब्ध झाली. त्यांचे विखुरलेले शोधनिबंध एकत्र करून कोलकात्याहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यात आले. मुंबईतल्या डॉक्टरचे लेखन बंगालमध्ये संकलित व्हावे, यावरून त्यांच्या कामाची व्याप्ती ध्यानात येते.

संग्रहालयाची वाटचाल पुढे सुरू राहिली, पण तिचा रोख बदलत गेला. व्यापारी मालाचे नमुने मागे पडले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी, कला महाविद्यालयाचे प्रमुख सेसिल बर्न्स यांच्या देखरेखीखाली, मुंबईच्या लोकजीवनाला दालनांत स्थान मिळू लागले. शहरातील निरनिराळ्या जातीजमातींचे पोशाख, पागोट्यांचे प्रकार, कारागिरांचे व्यवसाय, घरातील प्रसंग आणि खेळ यांच्या मातीच्या प्रतिकृती तयार करण्यात आल्या. बेटांची मुंबई कशी होती, तिची तटबंदी कोठे होती, बंदर कसे वाढले, हे नकाशे आणि नमुने यांतून दाखविण्यात आले. अशा रीतीने संग्रहालय खऱ्या अर्थाने शहराच्या इतिहासाचे घर बनले.

येथे येणारा कोळी, भंडारी, पारशी, बोहरी किंवा कोकणातून आलेला गिरणी कामगार आपल्यासारखीच माणसे काचेच्या कपाटात पाहू शकत होता. राजेमहाराजांच्या तलवारी आणि सिंहासने यांपेक्षा वेगळे असे हे दर्शन होते. ज्या घरात मातीच्या बाहुल्यांवर चूल पेटत होती, त्या घरातील मुलाने उभ्या केलेल्या संग्रहालयाची ख्याती पुढे मातीच्या बाहुल्यांमुळेच व्हावी, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

स्वातंत्र्यानंतर १९७५ मध्ये संग्रहालयाचे जुने नाव बदलून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी हा सन्मान झाला. तथापि नाव बदलले तरी वास्तूची दशा बदलली नाही. गळती, वाळवी, पडझड आणि अपुरा निधी यांनी इमारत खंगत गेली. प्राणी पाहायला आलेली गर्दी या दारावरून पुढे निघून जाऊ लागली. शहरासाठी शहराने उभारलेले घर शहराच्याच विस्मरणात गेले.

या अवस्थेतून वास्तूला बाहेर काढण्यासाठी पुन्हा एकदा संयुक्त प्रयत्न करावे लागले. २००३ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिका, इंटॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. तस्नीम झकारिया मेहता यांच्या पुढाकाराने आणि वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली इमारतीचे जतनकार्य पार पडले. रंगाचे थर काढून मूळ नक्षी उजळली गेली, मोडक्या मूर्ती आणि प्रतिकृती दुरुस्त करण्यात आल्या. २००५ मध्ये युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातील वारसा जतनासाठीचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला. जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय नव्या रूपात लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर तेथे मुलांसाठी कार्यशाळा, व्याख्याने आणि आजच्या कलावंतांची प्रदर्शने होऊ लागली. बंद पडत चाललेल्या गिरण्यांच्या परिसरात हे आवार पुन्हा गजबजले.

१८५८ आणि २००३ या दोन प्रसंगांत दीडशे वर्षांचे अंतर असले, तरी त्यांतील साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या वेळी लष्कराच्या घाईने संग्रह उधळला गेला होता, दुसऱ्या वेळी उपेक्षेने वास्तू जीर्ण झाली होती. दोन्ही वेळी नागरिक, दाते आणि शासन यांनी एकत्र येऊन तिला उभे केले. कोणतीही संस्था एकदा स्थापन केली की कायम टिकते, असे नाही. प्रत्येक पिढीला तिची जबाबदारी नव्याने उचलावी लागते. आज देशातील अनेक लहानमोठ्या गावांत स्थानिक इतिहासाची दालने उभारण्याचे प्रयत्न होत आहेत. जुनी शेतीची अवजारे, पाटे-वरवंटे, वहीखाती, गावाचे नकाशे आणि छायाचित्रे गोळा करणाऱ्या हौशी माणसांपुढे पैशाची, जागेची आणि लोकांच्या अनास्थेची अडचण तीच असते. त्यांच्यासाठी भाऊ दाजींचे उदाहरण मार्गदर्शक ठरावे.

संग्रहालयाच्या मुख्य दालनात अल्बर्टचा पुतळा आजही आहे. वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटांत मातीची माणसे उभी आहेत : कोणी पागोटे बांधलेला, कोणी डोक्यावर टोपली घेतलेली, कोणी चरकाशी बसलेला. सुटीच्या दिवशी बागेतून आलेली मुले त्या कपाटांना नाक लावून उभी राहतात आणि ही माणसे कोण, असे आपल्या आईवडिलांना विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर देता यावे, यासाठी मांद्र्याहून आलेल्या एका डॉक्टरने आपल्या आयुष्याची चौदा वर्षे या घराच्या उभारणीत वेचली होती.